सायक्लोहेक्झिमाइड सांभाळून कसं वापरायचं? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या लॅबसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की आपल्या भागात गजकर्णाचे पेशंट वाढतात. खानापूरकडे भातलावणीला दिवस दिवस चिखलात उभ्या राहणाऱ्या बायका, ओले कपडे अंगावरच वाळवणारे गडी, वसतिगृहातली पोरं, सगळेच येतात. त्यात गेल्या काही वर्षांत टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीनाशक औषधाला दाद न देणारी बुरशी देशभर पसरली आहे. त्यामुळे डॉक्टर आता नुसतं मलम लिहून न देता त्वचेचे पापुद्रे कल्चरला, म्हणजे त्यातली बुरशी लॅबमध्ये वाढवून बघायला, पाठवू लागले आहेत. कल्चर वाढलं तसं लहान-मोठ्या लॅबमध्ये सायक्लोहेक्झिमाइडही वाढलं. ते हाताळणाऱ्या टेक्निशियनना, एम.एस्सी.च्या मुलांना आणि लॅबमध्ये काम करणाऱ्या मामा-मावशींना शिकवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

हे औषध आहे तरी काय, आणि आमच्याकडे कशाला लागतं?

सायक्लोहेक्झिमाइड हे स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस या मातीतल्या जिवाणूपासून मिळणारं अँटिबायोटिक आहे. अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीत अल्मा व्हिफेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६ साली ते प्रसिद्ध केलं. जुन्या बाटल्यांवर ‘ॲक्टिडायोन’ असं नाव दिसेल. वस्तू तीच.

आपल्याकडे त्याचे दोन मुख्य उपयोग. पहिला, सॅबुरो आगारमध्ये, म्हणजे बुरशी वाढवायच्या माध्यमात. पेशंटच्या नखातून, त्वचेतून घेतलेल्या नमुन्यात हवेतल्या, धुळीतल्या बुरशीही असतात आणि त्या गजकर्णाच्या बुरशीच्या आधी फोफावतात. सायक्लोहेक्झिमाइड त्या आगंतुकांना रोखतं, गजकर्णाची बुरशी मात्र त्यातही वाढते. प्रमाण साधारण एका लिटरला ०.५ ग्रॅम. दुसरा उपयोग कॉलेजातल्या प्रोजेक्टमध्ये. खानापूरच्या जंगलातली माती किंवा चिकोडीकडच्या उसाच्या फडातली माती आणून त्यातून ॲक्टिनोमायसिटिस हे मातीतले जिवाणू वेगळे काढायचे असतील, तर स्टार्च केसिन आगार या माध्यमात बुरशी दाबून ठेवायला हेच घालतात.

पेशींवर संशोधन करणाऱ्या मोठ्या लॅबमध्ये प्रथिनं तयार होणं थांबवून पाहण्यासाठीही ते लागतं. पण इथे मुख्यतः पहिल्या दोन कामांबद्दलच लिहितो.

अँटिबायोटिकच ना? आपण गोळ्या खातोच की. मग एवढं भ्यायचं कशाला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि माझ्या मते सगळ्यात धोक्याचा प्रश्न हाच. अँटिबायोटिक म्हटलं की मेडिकल दुकानातली स्ट्रिप डोळ्यांसमोर येते आणि हात सैल होतो.

आपण गोळीतून घेतो ती बहुतेक अँटिबायोटिक्स जिवाणूंच्या अशा भागांवर घाव घालतात, जे आपल्या पेशींत नसतात किंवा फार वेगळे असतात. पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही, आणि आपल्या पेशींना ती भिंतच नसते. सायक्लोहेक्झिमाइडचं नेमकं उलट आहे. रायबोसोम म्हणजे पेशीतला प्रथिनं बनवणारा कारखाना. जिवाणूच्या ७०एस प्रकारच्या रायबोसोमला ते हातही लावत नाही. बुरशीच्या ८०एस रायबोसोमच्या मोठ्या भागात, म्हणजे ६०एस उपघटकावर, ते जाऊन बसतं. आणि आपल्या पेशींतले रायबोसोमही ८०एसच आहेत. वडगाव-खासबागच्या मागावर धोटा मध्येच अडकला तर सूत असतं, माग असतो, विणकरही असतो, पण कापड एक बोटभरही पुढे सरकत नाही. पेशीत तसंच होतं. संदेशवाहक आरएनए असतो, अमिनो आम्लं असतात, रायबोसोम मात्र पुढची पायरी चढत नाही आणि प्रथिन बनणं थांबतं. यीस्टमध्ये हे होतं, उंदरात होतं, माणसातही होतं.

म्हणूनच माणसाला द्यायचं औषध म्हणून ते चाललं नाही.

आकड्यांत सांगायचं तर मोठ्या उंदराला, म्हणजे रॅटला, तोंडावाटे वजनाच्या किलोमागे सुमारे २ मिलिग्रॅम मात्रा निम्मे प्राणी मारायला पुरते. लहान उंदराला, माऊसला, याच कामासाठी १०० मिलिग्रॅमच्या वर लागतं. दोन सख्ख्यासारख्या प्राण्यांत एवढी तफावत असेल तर माणसाचा आकडा अंदाजाने काढू नये, आणि ‘आपण रॅट थोडेच’ असंही म्हणू नये. मीठ चिमटीत घ्या, तीनचारशे मिलिग्रॅम सहज भरतं. बाटलीत त्याहून कितीतरी जास्त पावडर असते.

सुरक्षा माहितीपत्रकात त्याच्यापुढे गिळल्यास प्राणघातक, जनुकीय दोष निर्माण करत असल्याचा संशय, गर्भाला हानी पोहोचवू शकतं आणि पाण्यातल्या जिवांना विषारी असे इशारे असतात. एकेक इशारा वेगळ्या माणसाबद्दल आहे. पहिला वजन करणाऱ्याबद्दल, तिसरा शेजारच्या टेबलावरच्या मॅडमबद्दल आणि चौथा सिंकच्या पाइपच्या पलीकडे राहणाऱ्यांबद्दल.

पावडर लॅमिनारमध्ये तोलली तर चालेल ना? काचेचं दार आहे, फिल्टर आहे.

नाही. कृपा करून नाही.

लॅमिनार एअर फ्लो तुमच्या कल्चरला वाचवण्यासाठी बनवलेला आहे, तुम्हाला नाही. आडव्या लॅमिनारमध्ये गाळलेली हवा मागच्या भिंतीतून निघते, टेबलावरून वाहते आणि थेट तुमच्या छातीवर आणि तोंडावर येते. त्यात पावडर उघडलीत तर तुम्ही स्वतःच स्वतःच्या नाकाशी पंखा लावून विष उडवताय. उभ्या प्रवाहाच्या लॅमिनारमध्येही हवा पुढच्या उघड्या भागातूनच बाहेर पडते.

एका लॅबमध्ये मी पाहिलं आहे. लॅमिनारच्या स्टीलच्या पत्र्यावर वजनकाटा ठेवलेला, त्यावर बटर पेपर, आणि काट्याचा आकडा स्थिर राहीना म्हणून मुलगा वाकून तोंड जवळ नेऊन बघतोय. बटर पेपरची कड हवेने थरथरत होती. आकडा स्थिर कसा राहणार? पावडर उडत होती.

कोरडी पावडर उघडायची तर केमिकल फ्यूम हुडमध्ये, म्हणजे हवा आत ओढून बाहेर सोडणाऱ्या कपाटात, काच छातीच्या खाली ओढून. जैवसुरक्षा कॅबिनेट, म्हणजे क्लास दोनचं, पावडरचे कण फिल्टरमध्ये पकडतं खरं, पण त्यातली बरीचशी हवा आतच फिरते, म्हणून सॉल्व्हंटच्या वाफांसाठी ते कामाचं नाही. शिवाय ती पावडर फिल्टरमध्ये बसून राहते आणि पुढे फिल्टर बदलायला येणाऱ्याच्या हाताला लागते.

आमच्या कॉलेजात फ्यूम हुडच नाही ओ. मग काय करायचं?

ही अडचण खरी आहे आणि बऱ्याच ठिकाणी आहे. उपाय सोपा आहे: कोरडी पावडर तोलूच नका.

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे सायक्लोहेक्झिमाइड घातलेले तयार स्लँट किंवा प्लेट विकत घ्या. महिन्याला दहावीस नमुने येणाऱ्या लॅबला याहून जास्त काही लागत नाही. महाग पडतं म्हणतात, पण बाटली, तिची साठवण, कचऱ्याची विल्हेवाट हे सगळं धरलं तर हिशेब बदलतो.

दुसरा मार्ग, ज्यात औषध आधीच मिसळलेलं आहे असं कोरडं माध्यम आणा. त्यात औषधाचा वाटा शंभरात साधारण एकाच्या आसपास असतो. तरी तेही धुळीसारखं उडतं, त्यामुळे मास्क आणि ग्लोव्ह्ज लागतातच.

तिसरा मार्ग, शुद्ध औषध घ्यायचंच असेल तर सगळ्यात लहान बाटली घ्या आणि ती पूर्ण एकदम विरघळवा. १०० मिलिग्रॅमच्या कुपीत सिरिंजने २ मिलिलिटर इथेनॉल सोडलं की मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमचं द्रावण तयार होतं आणि ते २०० मिलिलिटर माध्यमाला पुरतं. वजन नाही, चमचा नाही, बटर पेपर नाही. झाकण उघडण्याआधी कुपी टेबलावर हळू टकटक करा म्हणजे झाकणाला चिकटलेली पावडर खाली बसते. मग बाटलीच्या तोंडावर ओला टिश्यू धरून झाकण फिरवा.

आणि त्या आधी एक काम: छताचा पंखा बंद. एप्रिल-मेमध्ये जिवावर येतं, पण पंधरा मिनिटांचाच प्रश्न आहे. खिडकीतून वारा येत असेल तर तीही लावून घ्या.

ग्लोव्ह्ज कोणते? मास्क कोणता?

नायट्राइल, एकावर एक दोन जोड. बाहेरचा जोड काम झालं की लगेच काढायचा. द्रावण ग्लोव्ह्जवर सांडलं तर ‘पाच मिनिटांत बदलतो’ म्हणायचं नाही, त्याच क्षणी बदलायचा. डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेलं असेल तर जास्तच घाई करा, कारण डीएमएसओ कातडीतून आत शिरतं आणि सोबत विरघळलेलं औषधही नेतं. शक्य असेल तिथे इथेनॉलच वापरा.

कापडी मास्क आणि निळा सर्जिकल मास्क पावडरपुढे कुचकामी आहेत. एन-९५ नाकावर नीट दाबून बसवा. डोळ्यांना बाजूने झाकणारा गॉगल हवा, साधा चष्मा पुरत नाही. ॲप्रन पूर्ण बाह्यांचा, मनगटावर ग्लोव्ह्जच्या आत खोचलेला. तो घरी धुवायला नेऊ नये. घरच्या बादलीत लेकरांच्या कपड्यांबरोबर तो भिजतो, हे ध्यानात घ्या.

माध्यमात घालताना काय जपायचं?

माध्यम ५० अंशांच्या आसपास निवू द्या. बर्नर बंद करा, कारण इथेनॉल आहे. उकळत्या आगारमध्ये ओतलं तर उसळी मारून अंगावर येतं. हळू फिरवून मिसळा, फेस आणू नका. माध्यम अल्कधर्मी झालं तर औषध निकामी होतं, म्हणून सामू (पीएच) एकदा तपासा.

ऑटोक्लेव्ह केलं की विष मरतं, असं आम्हाला सांगितलंय. खरं?

बुरशी मरते, विष राहतं. उष्णतेने सगळं नासतं असं मानण्याची सवय आपल्याला जिवाणूंमुळे लागली आहे. सायक्लोहेक्झिमाइड आम्लधर्मी द्रावणात चांगलंच टिकाऊ आहे. ते घातलेली काही तयार माध्यमं तर ऑटोक्लेव्ह करूनच वापरायची असतात आणि तरी ती काम देतात. यातच उत्तर आलं.

त्याला नासवतं ते अल्क. सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये साध्या तापमानालाही ते झपाट्याने फुटतं आणि त्यातून २,४-डायमिथाइलसायक्लोहेक्झानोन नावाचा वासाचा कीटोन निघतो. म्हणून भांडी भिजवायला लिटरला ४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइडचं पाणी वापरा. ते पाणीही डोळ्यांत गेलं तर वाईट, तेव्हा गॉगल काढू नका.

बाटल्या-फ्लास्क धुणाऱ्या मावशींना हे सगळं सांगायची गरज आहे का? उगाच घाबरतील.

हा प्रश्न नेहमी हळू आवाजात विचारला जातो. माझं उत्तर ठाम आहे: सगळ्यात आधी त्यांनाच सांगा.

सायक्लोहेक्झिमाइडच्या बाटलीला दिवसभरात कोणाकोणाचे हात लागतात ते एकदा मोजून पाहा. टेक्निशियन दहा मिनिटं हाताळतो, तेही ग्लोव्ह्ज घालून. त्यानंतर तोच फ्लास्क, तळाला उरलेल्या थेंबांसकट, सिंकमध्ये जातो. तिथे मावशी उघड्या हाताने काथ्या घालून घासतात. मग मामा कचऱ्याची पिशवी बांधतात, आणि बांधताना आतली हवा जाण्यासाठी ती दाबतात. ज्याने डिग्री घेतली त्याला धोका माहीत आहे आणि संरक्षणही आहे. ज्याला दोन्ही नाही, त्याच्याकडे आपण सगळ्यात घाण टप्पा सोपवतो.

यात आपल्या भागाची आणखी एक गाठ आहे. बाटलीवरचा इशारा इंग्रजीत असतो. शिकवणारे सर तो इंग्रजीत वाचतात. धुणाऱ्या मावशी वडगावच्या असतील तर मराठी वाचतात, बैलहोंगलच्या असतील तर कन्नड, आणि काहींना अक्षरओळखच नसते. म्हणून आमच्याकडचा नियम असा: मराठी, कन्नड दोन्ही ओळी आणि कवटीचं चित्र नसेल तर बाटली फ्रिजमध्ये जात नाही. कन्नड ओळ कन्नड बोलणाऱ्या सहकाऱ्याकडूनच लिहून घ्या आणि मावशींना ती मोठ्याने वाचायला सांगा. मराठी ओळ आम्ही अशी लिहितो:

विष. तोंडात गेल्यास जीव जाऊ शकतो. उघड्या हाताने धरू नका. सांडल्यास झाडू नका, अमुक मॅडमना हाक मारा.

‘अमुक’च्या जागी खरं नाव घाला. ‘संबंधित अधिकाऱ्यांना कळवावे’ असं लिहिलं तर कोणी कोणाला कळवत नाही.

आणि फ्लास्क मावशींकडे जाण्याआधी टेक्निशियननेच तो तीन वेळा थोड्या पाण्याने खळबळून ते पाणी विषारी कचऱ्याच्या कॅनमध्ये ओतावं, मग रात्रभर अल्काच्या पाण्यात बुडवून ठेवावा. सकाळी मावशींच्या हातात येतो तो साधा फ्लास्क. त्यांना जाड रबरी ग्लोव्ह्ज तरीही द्या.

एकदा हे समजावून सांगितल्यावर एका मावशींनी विचारलं, ‘मग इतके दिवस का नाही सांगितलं?’ त्या घाबरल्या नव्हत्या. रागावल्या होत्या, आणि तो राग योग्य होता.

गरोदर असताना हे काम करावं का?

नाही. गरोदर असताना, गर्भधारणेचा विचार असताना आणि बाळ अंगावर पीत असताना या कामापासून दूर राहावं.

पण प्रश्न एवढ्यावर सुटत नाही. धोक्याचे पहिले आठवडे असे असतात की बाईला स्वतःलाही कधी कधी ठाऊक नसतं, आणि ठाऊक असलं तरी आपल्याकडे तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगत नाहीत. लॅबप्रमुख पुरुष असेल तर ती सांगायला आणखी अवघडते. तेव्हा तिने येऊन सांगावं याची वाट पाहू नका. ‘हे काम मला नको’ एवढं म्हटलं की पाळी बदलायची आणि कारण विचारायचं नाही, असा नियम सगळ्यांसाठी ठेवा, पुरुषांसाठीही.

पावडर सांडली तर?

झाडू हातात घेऊ नका. हात आपोआप तिकडेच जातो, म्हणून हे पहिलं सांगतो. झाडूने पावडर हवेत उडते आणि केरसुणीच्या काड्यांत बसून पुढे सगळ्या खोल्यांत फिरते.

पंखा बंद करा. बाकीच्यांना बाहेर पाठवा आणि दार लोटून घ्या. दोन जोड ग्लोव्ह्ज, एन-९५, गॉगल, ॲप्रन घाला. टिश्यू पेपर पाण्याने भिजवून पावडरवर अलगद पांघरा, घासू नका. पावडर ओली झाली की कडेकडून मध्याकडे गोळा करत या आणि सगळं जाड पिशवीत भरा. मग अल्काच्या पाण्याने जागा दोनदा पुसा, थोडा वेळ तशीच ओली राहू द्या, शेवटी साध्या पाण्याने पुसा. फडकी, ग्लोव्ह्ज सगळं त्याच पिशवीत जाईल. पिशवी बांधा, लेबल लावा.

द्रावण सांडलं असेल तर आधी जवळपासची ज्योत विझवा, मग कोरड्या टिश्यूने टिपून पुढचं तसंच करा. त्यावर ब्लीच ओतू नका. अल्कोहोल किंवा ॲसिटोनमध्ये ब्लीच मिसळलं तर क्लोरोफॉर्मसारखे विषारी पदार्थ तयार होतात.

अंगावर, डोळ्यांत किंवा तोंडात गेलं तर?

कातडीवर पडलं तर कपडा लगेच उतरवा आणि साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. डोळ्यांत गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून तितकाच वेळ वाहतं पाणी. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा. श्वासात गेलं तर मोकळ्या हवेत आणून डॉक्टरकडे न्या.

तोंडात गेलं तर माणूस शुद्धीवर असल्यास चुळा भरायला लावा आणि थेट १०८ ला फोन करा. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका. लिंबू, ताक, दूध, काहीच नको. याला उतारा म्हणून एकच असं औषध नाही. डॉक्टर लक्षणं पाहून शरीराला आधार देतात, त्यामुळे जितकं लवकर दवाखान्यात तितकं बरं. उलटी, जुलाब, पोटात कळ सुरू व्हायची वाट पाहू नका.

सोबत सुरक्षा माहितीपत्रक न्या. या नावाची विषबाधा कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी कधी पाहिलेली नसेल, आणि ‘कुठलंतरी अँटिबायोटिक’ असं सांगितलंत तर तेही साहजिकच हलक्यात घेतील. नाव पूर्ण सांगा, किती गेलं असावं ते सांगा, कशात विरघळवलं होतं ते सांगा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. डॉक्टरही तिथे विचारू शकतात. हा क्रमांक आणि १०८ फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावा.

निपाणीकरांसाठी एक सांगतो. बेळगावपेक्षा कोल्हापूर तुम्हाला जवळ आहे. अपघात झाल्यावर कुठल्या दवाखान्यात जायचं यावर वाद घालत बसण्यापेक्षा ते आजच ठरवून भिंतीवर लिहून ठेवा.

उरलेलं द्रावण सिंकमध्ये भरपूर पाणी सोडून ओतलं तर चालतं ना? पातळ होतं की.

पातळ होतं, नाहीसं होत नाही. बेळगावचं सांडपाणी कुठे जातं हे इथल्या माणसाला सांगायला नको. बळ्ळारी नाला शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातून वाहतो आणि दर पावसाळ्यात त्याचं पाणी भाताच्या रोपांवर चढतं. हे औषध बुरशी, यीस्ट, शेवाळ, मासे, झाडं, ज्यांच्या पेशीत ८०एस रायबोसोम आहेत त्या सगळ्यांना लागू पडतं. मातीतल्या चांगल्या बुरशीही त्यात आल्या.

द्रावण आणि पहिल्या तीन धुण्यांचं पाणी घट्ट झाकणाच्या प्लास्टिक कॅनमध्ये साठवा. कॅनवर नाव, तारीख, सॉल्व्हंट लिहा. दवाखान्याच्या लॅबमध्ये हा रासायनिक कचरा २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळ्या वर्गात जातो. कॉलेजच्या लॅबला २०१६चेच घातक कचऱ्याचे नियम लागतात आणि कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या संस्थेकडेच तो द्यावा लागतो. दोन्हीकडे शेवट उच्च तापमानाच्या भट्टीत व्हायला हवा.

वापरलेल्या कल्चर ट्यूबचं काय? त्यात जिवंत बुरशी आहे आणि औषधही. आधी ऑटोक्लेव्ह, मग पिवळ्या पिशवीतून भट्टीकडे. इथे एक वाईट सवय सर्रास दिसते. ऑटोक्लेव्हमधून निघालेला वितळलेला आगार गरम गरम मोरीत ओतून देतात, ‘आता निर्जंतुक आहे’ म्हणून. पाइपमध्ये तो थिजतो, मोरी तुंबते आणि मग प्लंबर उघड्या हाताने ती साफ करतो. आगार पिशवीतच थिजू द्या.

कोल्हापूरच्या मित्राच्या लॅबमध्ये पडून आहे. थोडीशी पावडर एपेनडॉर्फमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या कुपीत, घालून बसने आणू का?

आणू नका. वाहतुकीच्या वर्गवारीत हा वर्ग ६.१चा विषारी पदार्थ आहे. खच्चून भरलेल्या बसमध्ये, डब्याच्या पिशवीत, बिनलेबलाची पांढरी पावडर असलेली कुपी. ती फुटली तर शेजारी बसलेल्या आजींना काय सांगणार? शिवाय बॅच नंबर नाही, तारीख नाही, म्हणजे तुमच्या प्रयोगाचाही भरवसा गेला. मित्राकडून तयार प्लेट करून घ्या, किंवा नमुना घेऊन त्याच्याच लॅबमध्ये काम करा.

बुरशीनाशकच आहे तर द्राक्षावर, हळदीवर मारता येईल का? वडील विचारत होते.

नाही. अमेरिकेत एके काळी ते चेरीवर आणि गवताच्या मैदानांवर बुरशीनाशक म्हणून मारत होते, पण विषारीपणामुळे बंद झालं. झाडालाही ते अपाय करतं. लॅबमधलं एक थेंबही शेताकडे जाता कामा नये. वडिलांना कृषी खात्याच्या किंवा विद्यापीठाच्या शिफारशीतलंच औषध घ्यायला सांगा.

कुठे ठेवायचं?

२ ते ८ अंशांत, कुलपाच्या फ्रिजमध्ये, दुहेरी डब्यात. ज्या फ्रिजमध्ये कोणाचा टिफिन, ताकाची बाटली किंवा वाढदिवसाचा केक ठेवला जातो त्या फ्रिजमध्ये कधीच नाही. नोंदवहीत किती आलं, किती वापरलं, कोणी वापरलं आणि किती उरलं हे लिहा. पावसाळ्यात बाटली बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. नाहीतर दमट हवेतलं पाणी आत धरतं आणि पावडरचे गोळे होतात.

त्याच माध्यमात क्लोरॅम्फेनिकॉलही असतं. तेही असंच आहे का?

त्याची तऱ्हा वेगळी. ते जिवाणू रोखायला घालतात. क्वचित एखाद्या माणसात ते रक्त तयार करणारी मज्जाच बंद पाडतं, आणि कोणात पाडेल हे आधी कळत नाही. म्हणून त्याचीही पावडर उडवू नका. पेशीसंवर्धनात वापरतात ते हायग्रोमायसिन बी डोळ्यांना गंभीर इजा करतं. मायटोमायसिन सी आणि ॲक्टिनोमायसिन डी ही तर कॅन्सरची औषधं आहेत, त्यांना याहून कडक शिस्त लागते. साध्या पेनिसिलिन, ॲम्पिसिलिनच्या पावडरीने ॲलर्जी असलेल्याला भयंकर त्रास होऊ शकतो. प्रत्येकाचं माहितीपत्रक वेगळं वाचा. वेळ कमी असेल तर निदान चौथा भाग प्रथमोपचाराचा, आठवा संरक्षणाच्या साधनांचा आणि तेरावा विल्हेवाटीचा.

प्रत्येक नमुन्याला सायक्लोहेक्झिमाइड घातलंच पाहिजे का?

मुळीच नाही, आणि हा मुद्दा सुरक्षेइतकाच निदानाचाही आहे. क्रिप्टोकॉकस, म्युकरच्या जातीच्या बुरशी, बरेच ॲस्परजिलस आणि कॅन्डिडाच्या काही जाती या औषधाने दबतात. नुसतं औषध घातलेलं माध्यम वापरलंत तर खरा रोगकारक वाढणारच नाही आणि रिपोर्ट ‘बुरशी आढळली नाही’ असा जाईल. म्हणून त्वचा आणि नखांच्या नमुन्याला एक औषधाची आणि एक साधी अशा दोन ट्यूब लावाव्यात. थुंकी, पाठीच्या मणक्यातलं पाणी, सायनसमधला तुकडा आला तर साध्या माध्यमाशिवाय काम करूच नये. गरज नसेल तिथे विष वापरलं नाही, तर ते धुवायचंही नाही आणि टाकायचंही नाही.

कपाटात मागे ‘ॲक्टिडायोन’ लिहिलेली जुनी बाटली सापडली. लेबल अर्धं उडालंय, झाकण घट्ट बसलंय. उघडून बघू?

उघडू नका, हलवूनही बघू नका. ग्लोव्ह्ज घालून ती बाटली तशीच मोठ्या झाकणाच्या डब्यात ठेवा, डब्यात थोडा कापूस किंवा टिश्यू भरा. डब्यावर मराठी आणि कन्नडमध्ये ‘विष, उघडू नये’ लिहा, आजची तारीख टाका, नोंदवहीत चढवा आणि कचरा नेणाऱ्या संस्थेच्या पुढच्या फेरीला पाठवून द्या. बाटली जिथे होती तो कप्पा ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकंही त्याच डब्यात टाका.